कासवांची सकाळ

देवास, ६ मार्च २०२५

चि. ईशानीस मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा तुझ्या मामींनी, सावित्रीबाईंनी, तो माझ्या कानाशी धरला. तू बोलत होतीस, मी मान हलवत होतो आणि ती तुला दिसत नव्हती. म्हणून हे पत्र. मोबाइलवर टिचक्या मारून मराठी लिहिणे मला जमत नाही. तू हिंदी शाळेतली, तुला माझे अक्षर लागायला वेळ लागेल. लागू दे.

माझ्या स्वरयंत्राच्या ऑपरेशनला आता वर्ष होईल. गळ्याच्या भोकातून श्वास घेतो, वर मलमलचा रुमाल बांधतो. ज्या माणसाची कवायतीची हाक शाळेच्या मैदानातून टेकडीपर्यंत जायची, त्याला आता चहा हवा असला तरी पाटीवर लिहावे लागते. असो, हे तुला माहीतच आहे.

नवीन गोष्ट अशी. जानेवारीत इथे एका बसमध्ये दोन बॅगा सापडल्या. आत तीसेक कासवे होती, पाय चिकटपट्टीने गुंडाळलेले. पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असलेली, रानातली कासवे. चोरून विकायला कुठेतरी चालवली होती. खटला उभा राहून परवानगी मिळेपर्यंत त्यांना आमच्या मागच्या भोपाळ रस्त्यावरच्या वनखात्याच्या रोपवाटिकेत ठेवले आहे. मी सकाळी तिकडून फिरायला जातो. माणसे कमी आहेत म्हणून त्यांनी विचारले, बसाल का थोडा वेळ? बसलो. आता रोजच जातो.

पण त्यांचे काही खरे नाही. खाणे समोर ठेवले तरी तोंड लावत नाहीत. सकाळचे कोवळे ऊन पडते, ते अंगावर घ्यायला बाहेर येत नाहीत. कोपऱ्यात मान आत घेऊन बसायचे, नाहीतर भिंतीला घासत उगाच चालत राहायचे. वेळ कोणती, काय करायचे, याचे भानच नाही. सगळे म्हणतात, धीर धरा. मला वाटते, जगायचे की नाही हे अजून ठरत नाही.

तुझे तिकडे काय चालले आहे ते लिही.

मानसिंगराव


धार, १४ मार्च २०२५

ती. मामासाहेब आणि ती. मामीसाहेब यांना नमस्कार.

पत्र वाचायला मला पूर्ण संध्याकाळ लागली. अर्धं तर घरमालकीण अक्कांनी वाचून दाखवलं. माझ्या मराठीत हिंदी घुसली तर रागवू नका.

मामासाहेब, मला तुमची फिकर वाटते. मामीसाहेब फोनवर सांगत होत्या की तुम्ही सकाळी निघता ते जेवायच्या वेळेलाच येता, ताट अर्धं ठेवता, दुपारी पडून राहता. आणि वरून तुमचं हे पत्र. खाणं समोर आहे पण तोंड लावत नाहीत, उन्हात येत नाहीत, जगायचं की नाही ठरत नाही. मी इतकी पण नादान नाही, मामासाहेब. माणसाला आपलं दुःख सरळ सांगता येत नाही तेव्हा तो दुसऱ्याच्या नावाने सांगतो. ज्यांचा आवाज असा जातो त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना हे होतं. यात लाजण्यासारखं काही नाही. इंदूरला मनाचे एक चांगले डॉक्टर आहेत. मी सोबत येईन. प्लीज, नाही म्हणू नका.

मी ठीक आहे. पीएच.डी.चं तिसरं वर्ष. रोज पहाटे स्कूटरने तिरला गावाच्या पुढच्या खडकाळ माळावर जाते आणि सरडे बघते. आई म्हणते, धारमध्ये राहून हेच करायचं होतं का.

तुमची ईशानी


देवास, १९ मार्च २०२५

चि. ईशानीस आशीर्वाद.

मी कासवांबद्दल लिहिले होते. कासवांबद्दल म्हणजे कासवांबद्दल.

ताट अर्धे राहते ते सावित्रीबाई उन्हाळाभर भेंडीच करतात म्हणून. दुपारी पडतो ते सत्तरी जवळ आली म्हणून. मनाच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांग आणि त्यांचा वेळ वाचव.

तुझे पत्र वाचून सावित्रीबाई हसता हसता खाली बसल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पोरीने काळजीनेच लिहिलंय हो, उगाच कडक लिहू नका." म्हणून एवढेच लिहितो की तुझ्या काळजीचा राग आला नाही. फार बरे वाटले, असेही म्हणायला हरकत नाही.

आता कामाचे. परवा दोन कासवे गेली. वनखात्याचे पशुवैद्य डॉ. विपुल यांनी तपासणी केली. तरुण माणूस आहे, मनापासून काम करतो. रोग नाही, जखम नाही, जंत नाहीत. ते म्हणाले, "मास्साब, ये स्ट्रेस से जा रहे हैं." मी पाटीवर विचारले, स्ट्रेस म्हणजे नेमके काय, तो दिसतो कुठे? ते म्हणाले, रक्तात. तुझी आई एकदा म्हणाली होती की तू सरड्यांच्या रक्तात असेच काहीतरी मोजतेस. मला ते नीट सांग. सोपे करून सांग, पण लहान मुलाला सांगतात तसे नको.

मानसिंगराव


धार, २ एप्रिल २०२५

ती. मामासाहेब, नमस्कार.

माफ करा! आईला हे सांगितलं तर ती पण हसत सुटली. आता कासवं म्हणजे कासवं.

तुम्ही विचारलंत ते सांगते. शरीरात एक छोटी ग्रंथी असते, ती एक हार्मोन सोडते. साप, सरडे, कासवं यांच्यात त्याला कॉर्टिकोस्टेरॉन म्हणतात. लोक त्याला टेन्शनचं हार्मोन म्हणतात, पण हे नाव मला त्याच्यावर अन्याय करणारं वाटतं. त्याचं रोजचं काम वेगळंच आहे. माझ्या माळावरच्या सरड्यांमध्ये ते सकाळी, दिवस सुरू होताना, रक्तात वाढतं. साठवलेली साखर मोकळी करतं, अंगाला सांगतं की चल, उठ, ऊन आलं. मग दिवस जातो तसं उतरत जातं. प्रत्येक जातीत असंच असेल असं नाही, ऋतूप्रमाणेही बदलतं. पण चढणं आणि उतरणं, हे रोजचं असतं.

धोका आला की मात्र ते वेळ न बघता एकदम चढतं. धोका गेला की उतरतं. चढणं वाईट नाही, मामासाहेब. त्याच्यामुळेच तर जीव वाचतो. उतरणं बंद झालं की वाईट.

आणि मोजायचं कसं, तर तीच मोठी परीक्षा. तुम्ही जनावराला हात लावला की तोच त्याच्यासाठी धोका. म्हणून पकडल्यापासून तीन मिनिटांच्या आत रक्ताचा थेंब घ्यायचा, तोपर्यंत भीती रक्तात पोहोचलेली नसते. उशीर झाला की तुम्ही त्याची सकाळ नाही, तुमची स्वतःची दहशत मोजता.

माझा एक सरडा आहे, गळ्याखाली निळसर रेघेचा पंखा असलेला नर. मी त्याला सरदार म्हणते. बोटाएवढा जीव. ऊन आलं की एका ठराविक दगडावर चढतो, अंग तापवतो आणि मग पंखा उघडून दंड काढतो, जसे तुम्ही मुलांकडून काढून घ्यायचे. परवा वरून घार झेपावली. सरदार दगडाखाली. मी म्हटलं, आज काही हा निघत नाही. थोड्या वेळात बाहेर. परत त्याच दगडावर, परत पंखा उघडा. इतकं घाबरून इतक्या लवकर पुन्हा उभं राहणं मला नाही जमत. खरं सांगते, त्याच्याकडे बघून मी रोज थक्क होते.

मी डॉ. विपुलना फोन केला होता. त्यांनी वरून परवानगी मागितली आहे. मिळाली तर मी देवासला येते. काही कासवांचं रक्त सकाळी घेऊ, काहींचं संध्याकाळी, आणि त्यांचा दिवस चढतो-उतरतो का ते बघू. तुम्ही मदतीला हवेत.

तुमची ईशानी


धार, ३ मे २०२५

ती. मामासाहेब, नमस्कार.

देवासहून येऊन आठवडा झाला, रिझल्ट येईपर्यंत लिहिलं नाही. मामीसाहेबांच्या पुरणपोळ्या अक्कांना दिल्या, त्या म्हणाल्या की अशी पोळी धारमध्ये आता कोणी करत नाही.

आधी एक गोष्ट लिहायची आहे. त्या सकाळी मी आणि डॉ. विपुल वाकून काम करत होतो आणि तुम्ही घड्याळ धरून उभे होतात. वेळ संपली की तुमचं बोट वर जायचं आणि आम्ही थांबायचो. मी खूप लोकांबरोबर फील्डवर काम केलं आहे. कोणीतरी खोकतं, कोणी "जरा रुको" म्हणतं, कोणाचा मोबाइल वाजतो. त्या दिवशी इतकं शांत होतं की एक कासव माझ्या हातात मान बाहेर काढून बघत राहिलं. मी हे तुम्हाला खूश करायला लिहीत नाही. विपुलसुद्धा हेच म्हणाले.

आता रिझल्ट. चांगला नाही. सकाळ आणि संध्याकाळ यांत काहीच फरक नाही. निरोगी कासवांच्या मानाने हार्मोन वर आहे, आणि दिवसभर तिथेच बसलेलं आहे. ना चढणं, ना उतरणं. एखादं माणूस सतत अर्धवट जागं असावं, तसं.

कारण सांगणं कठीण आहे. प्रवासाचा धक्का असेल. गर्दी असेल. पण एक शंका आहे. गेल्या वर्षी आमच्या लॅबमध्ये काही सरडे ठेवले होते. दिव्याचा टायमर बिघडला आणि दिवा रात्रंदिवस चालू राहिला. कोणाच्या लक्षात आलं नाही. आठवड्याभरात सरड्यांचं सगळं वेळापत्रक विस्कटलं. कधीही फिरायचे, कधीही बसायचे. अंधार मिळाला तेव्हा कुठे ते परत सकाळी उठायला लागले.

तिथे आपण सगळे दिवसाच जातो. रात्री रोपवाटिकेत किती उजेड असतो, ते बघाल का?

तुमची ईशानी


देवास, १२ मे २०२५

चि. ईशानीस आशीर्वाद.

तुझी शंका बरोबर निघाली. पत्र आले त्याच दिवशी दिवेलागणीनंतर गेलो. रोपवाटिकेच्या भिंतीला लागून एक मॅरिज गार्डन आहे, हे मला माहीत होते. दिवसा तिथे रिकाम्या खुर्च्या आणि एक झोपलेला कुत्रा एवढेच असते. रात्री मात्र मागच्या बाजूला, जिथे गाड्या लावतात आणि भटारखाना असतो, तिथे उंच खांबांवर मोठे हॅलोजन आहेत. ते थेट कासवांच्या कुंपणात पडतात. त्या उजेडात मी तुझे पत्र पुन्हा वाचू शकलो, इतका. लग्न नसले तरी चोरीच्या भीतीने ते पहाटेपर्यंत चालू असतात, असे चौकीदाराने सांगितले. आखातीजेपासून, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेपासून, तर रोज लग्न.

आधी आम्ही ताडपत्री बांधून पाहिली. वारा बंद झाला, आत भट्टी झाली, आणखी एक कासव गेले. ताडपत्री काढली.

मग मी मालकिणीकडे गेलो. नर्मदाबाई नाव. भारदस्त बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी पाटीवर सगळे लिहिले. त्यांनी वाचले आणि म्हणाल्या, "मास्साब, ब्याव में अंधारो कुण करे? छोरी का बाप म्हारे माथे चढ़ जायगा. बत्ती का पैसा पार्टी देती है, पार्टी से पूछ लो." लग्नात अंधार कोण करणार, त्यात चूक काहीच नव्हती. मी लिहिले, पार्टीला विचारू.

त्याच संध्याकाळी लग्न होते. सावित्रीबाईंनी मला कोट घालायला लावला, म्हणाल्या, वरातीत भिकाऱ्यासारखे जाऊ नका. गेलो. डीजे इतका दणाणत होता की छातीची हाडे वाजत होती. मुलीचे वडील दारात उभे होते, गुलाबी साफा बांधून. मी हात जोडले आणि पाटी पुढे केली. मी हिंदीत लिहिले होते, 'पीछे की बत्तियाँ बंद करवा दीजिए.' त्यांनी वाचले, माझ्या कानाशी येऊन काहीतरी ओरडले. मला ऐकू आले नाही. पुन्हा ओरडले. त्यांना स्वतःलाही ऐकू येत नसावे. शेवटी त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि पाटीवर लिहिले, 'क्यों?'

ईशानी, वर्षभरात पहिल्यांदा कोणी माझ्याशी माझ्यासारखे बोलले. त्या गोंगाटात तिथे जमलेले सगळेच मुके होते, आणि मला तर त्याची सवय होती.

मी लिहिले, 'पड़ोस में बीमार हैं. सो नहीं पाते.'

त्यांनी लिहिले, 'बच्चे?'

हो लिहिले असते तर काम तिथेच झाले असते. पेन्सिल थांबली. पण खोटे लिहावेना. लिहिले, 'कछुए.'

ते माझ्याकडे पाहतच राहिले. मग पोट धरून हसले आणि बाजूला खुर्चीवर बसलेल्या आपल्या म्हाताऱ्या आईला पाटी दाखवली. त्या बाईंनी ती दोन्ही हातांत धरून वाचली आणि उठल्याच. काठी घेऊन माझा दंड धरला. मुलाने अडवले तर त्याला हाताने बाजूला सारले. भिंतीच्या फाटकातून आम्ही रोपवाटिकेत आलो. तिथे आवाज थोडा कमी होता. कासवे त्या पांढऱ्या उजेडात भिंतीला घासत चालत होती. म्हातारीने बराच वेळ पाहिले. मग चपला काढल्या, हात जोडले, जसे आपण देवळात गाभाऱ्यात जाण्याआधी कासवाला जोडतो. म्हणाल्या, "अरे, इनको तो रात ही नी दी किसी ने."

परत जाऊन त्यांनी मुलाला काय सांगितले ते मला ऐकू आले नाही. पण जेवणे आटपल्यावर जनरेटरवाल्याने मागचे दोन्ही खांब बंद केले. अंधार असा पडला की मला क्षणभर काही दिसेना. मग हळूहळू तारे दिसले. कुंपणाजवळ उभा राहून ऐकले. पाय घासण्याचा आवाज एकेक करून थांबत गेला.

उद्या दुसरे लग्न आहे. पाहू.

मानसिंगराव


धार, १८ मे २०२५

ती. मामासाहेब,

तुमचं पत्र मी स्वतः वाचलं, कोणाची मदत न घेता. आणि मग अक्कांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या दोनदा डोळे पुसत होत्या. मग मी माझ्या लॅबमधल्या ऋतिकाला हिंदीत सांगितलं. ती म्हणाली, "यार, तेरे मामा तो हीरो हैं."

मामासाहेब, मी आजपर्यंत किती पेपर वाचले असतील, किती आकडे काढले असतील. रात्रीचा उजेड कमी केला पाहिजे, हे आम्ही सगळेच शेवटच्या परिच्छेदात लिहितो. लिहून घरी जातो. कोट घालून वरातीत जाणारं मी कोणी पाहिलं नाही.

पण एक सांगते, कारण तुम्ही 'लहान मुलासारखं नको' म्हणाला होतात. उजेड हेच कारण आहे याची मला अजून खात्री नाही. अंधार मिळूनही ती सुधारणार नाहीत, असं होऊ शकतं. त्यांचा रोजचा क्रम परत आला की नाही, हे आधी त्यांच्या वागण्यात दिसेल, रक्तात नंतर. तुम्ही रोज बसता, तुम्हालाच पहिल्यांदा दिसेल. आणि नाही दिसलं तर तेसुद्धा मला सांगा.

आणि ते 'कछुए' तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल तुमच्या पाया पडते.

तुमची ईशानी


देवास, २२ जून २०२५

चि. ईशानीस आशीर्वाद.

महिनाभर लिहिले नाही, कारण लिहिण्यासारखे काही घडते आहे की माझा भ्रम आहे, हे मलाच कळत नव्हते.

त्या लग्नानंतर दुसऱ्या दिवशी नर्मदाबाई स्वतः आल्या. म्हणाल्या, "बा साब की माँ ने म्हारे के इत्तो सुणायो कि नींद नी आई." नवरीच्या आजीने त्यांना चांगलेच सुनावले होते. सोबत वेल्डिंगवाला होता. दिव्यांना आमच्या बाजूने पत्र्याचे आडोसे लावून घेतले आणि जेवणे झाली की मागचे खांब बंद करायचे, असा नियमच केला. एका पार्टीने कटकट केली तर त्यांना हात धरून इकडे घेऊन आल्या आणि कासवे दाखवली. आता त्या संध्याकाळी एक फेरी मारतात. येताना जास्वंदीची फुले आणतात. देवाला वाहून उरलेली नव्हे, खास तोडलेली, हे मला दोनदा बजावून सांगितले.

पहिला आठवडा काहीच फरक नव्हता. दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी पाहिले तर मोठी मादी, जिच्या पाठीवरचा एक तारा अर्धा घासला गेला आहे, ती कोपऱ्यातून निघाली होती. पूर्वेच्या भिंतीवरून ऊन खाली उतरते तिथे येऊन थांबली. ऊन तिच्यापर्यंत आले नव्हते. ती आधीच येऊन वाट पाहत होती. मी हललोसुद्धा नाही. ऊन आले, तिने मान लांब केली, चारही पाय पसरले आणि डोळे मिटले. बराच वेळ तशीच. मग उठली आणि गवत खाऊ लागली. तोडताना बारीक कट् आवाज येतो, तो मी पहिल्यांदा ऐकला.

दोन दिवसांनी तिच्यामागे आणखी तीन. आता बहुतेक सगळी. सकाळी ऊन, मग चरणे, ऊन कडक झाले की झुडपाखाली, दुपारी शांत, उन्हे कलली की पुन्हा बाहेर. दिवे गेले की स्थिर. कुणी शिकवले नाही, कुणी शिट्टी वाजवली नाही. मी चाळीस वर्षे मुलांना रांगेत उभे करत आलो, पण आतून उमटलेली अशी शिस्त मी कधी पाहिली नव्हती. त्यांच्यापुढे मी निव्वळ आरडाओरडा करणारा मास्तर होतो, असे वाटले, आणि त्याचे वाईट वाटले नाही. गंमत वाटली.

एक गोष्ट तुझ्या मामींनी लिहायला सांगितली आहे. तुझे पहिले पत्र अगदीच चुकीचे नव्हते. आता मी पूर्ण ताट जेवतो. भेंडीसुद्धा.

मानसिंगराव


धार, १९ जुलै २०२५

ती. मामासाहेब आणि ती. मामीसाहेब यांना नमस्कार.

या महिन्याच्या सुरुवातीला तिथे पुन्हा घेतलेल्या रक्ताचा रिझल्ट आला. मी तो लॅबमध्ये उभ्या उभ्या पाहिला आणि मग बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले.

सकाळी चढलंय, मामासाहेब. संध्याकाळी उतरलंय. अगदी माझ्या सरड्यांइतकं ठळक नाही, पण आहे. आणि एकूण पातळीसुद्धा खाली आली आहे. कागदावर दोन ठिपके आणि त्यांना जोडणारी एक तिरकी रेघ, एवढंच आहे ते. मला त्यात तुमची मोठी मादी भिंतीजवळ उन्हाची वाट पाहत उभी दिसली.

मध्ये पाऊस सुरू झाला, खाणं बदललं, म्हणून सगळं श्रेय अंधाराला देता येणार नाही. पेपरमध्ये मी तसंच लिहीन. कासवं कमी आहेत, मोठं काही सिद्ध होत नाही. पण विपुलनी हाच रिपोर्ट जोडून लिहिलं की ती प्रवासाला आणि रानात सोडायला तयार आहेत. कोर्टाची परवानगी आली आहे. गुजरातमधल्या कोरड्या झुडपी रानात जागा ठरली आहे. आधी काही दिवस तिथल्याच कुंपणात ठेवतील, मग दार उघडतील.

विपुल विचारत होते की गाडीबरोबर कोण जाईल. मी तुमचं नाव सांगितलं. न विचारता सांगितलं. ऑपरेशननंतर तुम्ही इंदूरच्या हॉस्पिटलशिवाय कुठेच गेला नाहीत, हे मला माहीत आहे. वाटेत धूळ असेल, अनोळखी लोक असतील. नको वाटलं तर नको म्हणा. मला यायचं होतं, पण माझ्या प्रबंधाची बैठक त्याच आठवड्यात आहे.

तुमची ईशानी


गुजरातेतून, १७ ऑगस्ट २०२५

चि. ईशानीस आशीर्वाद.

वनखात्याच्या दोन खोल्यांच्या चौकीतून लिहितो आहे. सावित्रीबाई सोबत आहेत. "तुम्ही पाटीवर लिहाल आणि गुजराती माणसाला वाचता नाही आले तर?" असे म्हणून गाडीत पुढे बसल्या. इथे येऊन चार दिवसांत त्यांनी गार्डच्या बायकोला पुरणपोळी शिकवली, भाषा एकमेकींची येत नसताना.

रस्ताभर मी मागे कासवांच्या पेट्यांजवळ बसलो होतो. गळ्यावर दोन रुमाल बांधले होते, तरी धूळ गेली, खोकला झाला. हे तुला कळवायचे नाही असे ठरले होते, पण आता बरा आहे.

इथले रान पाहून तू वेडी होशील. थोर, बाभळी, बोरीची झुडपे, मध्ये पावसाने उगवलेले कोवळे गवत, आणि माणूस नाही. रात्री इतका अंधार की हात दिसत नाही. कुंपणात सोडल्यावर पहिला दिवस सगळी गप्प होती. मला धास्ती वाटली की पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी मादी निघाली, बाकीची निघाली.

आज सकाळी दार उघडायचे होते. गार्ड उजाडताच आला आणि तारांचा एक मोठा भाग गुंडाळून बाजूला केला. आम्ही दूर एका बाभळीखाली बसलो. आभाळ भरलेले होते. ऊन नाही, म्हणून कासवेही नाहीत. सगळी झुडपांखाली. गाडीचा ड्रायव्हर घाईत होता, म्हणाला, "मास्साब, दो-चार को उठा के बाहर रख दें? फोटो भी हो जाएगी." मी नाही म्हणून हात हलवला. त्यांच्या सकाळीला हात लावायचा नव्हता.

बराच वेळ गेला. मग ढग फाटले आणि उन्हाची एक पट्टी माळावर पडली. ती सरकत कुंपणापर्यंत आली. एक लहान कासव, ज्याच्याकडे मी कधी फारसे पाहिले नव्हते, ते पहिले बाहेर आले. उन्हात थांबले, अंग शेकले, आणि जिथे तार होती ती जागा ओलांडून चालू लागले. थांबले नाही, मागे पाहिले नाही, मागे पाहण्यासारखे त्याला काही नव्हतेच. मग दुसरे. मग एकदम पाच-सहा. सावित्रीबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. मोठी मादी सर्वांत शेवटी निघाली. वाटेत गवत खात खात, अगदी सावकाश. एका थोराच्या मागे गेली आणि दिसेनाशी झाली. पिवळे पट्टे उन्हात आणि गवतात असे मिसळून गेले की ती अजून तिथेच होती की पुढे गेली, हे सांगता येईना.

ड्रायव्हर कधीचा मोबाइल खिशात ठेवून उभा होता. हलक्या आवाजात म्हणाला, "चलें?"

मी मान हलवली, पण उठलो नाही. त्याला काय वाटले कोण जाणे, तोही आमच्याजवळ जमिनीवर येऊन बसला. ऊन चांगले चढेपर्यंत आम्ही तिघे तिथेच बसून होतो.

मानसिंगराव